अर्धा इंच

धाकट्या जावेची वेबसाइट विकली जाणार, हे थोरलीनं सकाळपासून चारदा ऐकलं. चारही वेळा तिच्या पोटात दुखलं.

दुखणारच. अकरा वर्षं लहान मुलांचे कपडे बेतून कापायची थोरली. धाकटी फक्त फोटो काढायची, कागदी नमुन्याची आकृती काढायची, दोन गोड ओळी लिहून साइटवर टाकायची. फोटोत हात थोरलीचे, खाली नाव धाकटीचं. आता एक कपडेवाली बाई ती साइट विकत घेत होती.

"पैसे आले?" शिलाई मशीनवरून नजर न उचलता थोरलीनं विचारलं.

"आलेत, पण आपल्याकडे नाहीत, ताई. एस्क्रोत आहेत."

"कुठल्या खोतात?"

"एस्क्रो! म्हणजे तिसरा माणूस. तिनं पैसे त्याच्याकडे ठेवले, आपण साइट तिच्या ताब्यात दिली. पाच दिवस ती सगळं तपासणार. पसंत पडलं की तो पैसे आपल्याला सोडणार. नाही पडलं, तर पैसे तिला परत, साइट आपल्याला."

"आपल्याला म्हणे," थोरली पुटपुटली आणि दोरा दातानं तोडला.

तपासणार म्हटल्यावर तिचा पाय मशीनवर थांबला. पाच वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकची बाही. आकृती काढताना धाकटी बाहीला माया धरायलाच विसरली होती, शिलाईसाठी सोडायचं ते अर्धा इंच कापड. थोरलीनं ते केव्हाच पाहिलं होतं आणि मूग गिळून बसली होती. साइटवरचा नमुना पाहून शिवणाऱ्या बायका बिचाऱ्या आपल्याच हाताला नावं ठेवत असतील. ठेवू देत. एकदा तरी हिचं हसं होऊ दे.

तिसऱ्या दिवशी धाकटी फोन नाचवत आली. "ताई, घात झाला! तिच्या कारागिरांनी फ्रॉक शिवून पाहिला. बाही खांद्याला, मुंड्यात बसत नाही. परवापर्यंत दुरुस्त करा, नाहीतर व्यवहार रद्द म्हणते."

थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. "अरेरे. मग काय कळवलंस?"

"खरं तेच. कापणं माझ्या जाऊबाईंचं, त्यांच्याकडूनच चुकलं असणार."

कात्री टेबलावर आदळली.

"माझ्याकडून? कापायला माझ्याकडून चुकलं?" थोरलीनं कपाट उघडलं, कागदांचा गठ्ठा उपसला, मूळ नमुना काढून धाकटीच्या नाकासमोर धरला. "मोज! टेप घे आणि मोज! माया आहे की नाही? तू आकृती काढताना खाल्लीस ती! दोन वर्षांपासून ठाऊक आहे मला!"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

धाकटीनं टेप खाली ठेवली. "दोन वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

"म्हणजे वाट बघत बसला होतात तुम्ही. माझी फजिती व्हायची."

थोरलीनं कात्री बाजूला सारली. कोरा कागद पसरला, पेन्सिलीला टोक काढलं. "आकृती आत्ता काढून देते. आधी त्या बाईला लिही, चूक कुणाची ते. माझ्यासमोर लिही."

धाकटीनं लिहिलं. थोरलीनं दोनदा वाचून घेतलं, मगच पेन्सिल टेकवली.

पाचव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. धाकटीनं उभ्याउभ्याच वाचलं. "बाही छान बसली. एस्क्रोवाल्याला पैसे सोडायला सांगितलंय." पुढचं वाचताना आवाज पार कोरडा झाला. "नवे नमुने करून हवेत. त्या कापणाऱ्या बाईंचा नंबर पाठवा."

थोरलीचे कान तापले, गोड तापले.

"देऊ?" धाकटीनं विचारलं.

"दे की. आणि जरा चहा टाक."

"तुम्हीच टाका," धाकटी म्हणाली आणि फोन घेऊन आत निघून गेली.