आळीतलं एकच कालवण

माझं लग्न ठरलं तेव्हा पाचूबंदरला माझ्या माहेरी सगळ्यांना एकच थट्टा सुचत होती. अर्नाळ्याची सासू तुला कच्ची खाणार, मीठ-मसालासुद्धा लावायची नाही, असं आत्या म्हणायची आणि बाकीच्या बायका खिदळायच्या. मी सोळा वर्षांची होते. मला हसू येत नसे.

सासू खरोखरच फटकळ निघाली. तिचं अर्धं बोलणं खाण्यावरच चालायचं. मी हळू चालले की भाव खाते, काही विचारलं की डोकं खाते, आणि गप्प बसले तर शब्द गिळून गिळून पोट फुगेल, असं तिचं चालू असायचं. विरारच्या बाजारात गिऱ्हाइकाने भाव फार आहे म्हटलं की ती सांगायची, भाव पापलेट खातं, मी नाही. मग गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट्याने घ्यायचं. मी मात्र पहिलं वर्ष तिच्यासमोर पोटभर जेवले नाही. सासरे आजारपणात गेलेले. घरात ती, तिचे दोन मुलगे आणि मी एवढीच माणसं. थोरला माझा नवरा, धाकट्याचं लग्न व्हायचं होतं.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. कार्तिकात अचानक वादळ सुटलं. हे दोघे भाऊ होडी घेऊन गेलेले होते. वारा पडल्यावर आळीतल्या बाकीच्या होड्या एकेक करून परतल्या. आमची आली नाही.

आमच्या आळीत एक रीत होती. घरातला माणूस दर्यात बुडून गेला की त्या घरात मासळी शिजत नसे. कारण कुणी तोंडाने सांगायचं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. बुडालेल्या माणसाला मासे सोडत नाहीत, मग त्याच्याच माणसांनी ते मासे कसे खायचे? शेजारीही मान राखून काही दिवस मासळी बंद ठेवत. दुसऱ्या संध्याकाळी आळीत कुठेच मासळीचा वास आला नाही तेव्हा मी काय ते समजले. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळ्या चुलींनी ठरवून टाकलं होतं. शेजारची काकू वरणभात घेऊन आली. सासूने तो दारातूनच परत पाठवला, आमच्याकडे कुणी आजारी नाही म्हणाली.

मग तिने पलीकडच्या पाड्यातून मांदेली आणली, कोकम घालून तिखट कालवण केलं आणि दार सताड उघडं ठेवलं. वास आळीभर गेला. मला ताट वाढून ती समोर बसली.

"खा गो. तू मासली सोरलीस तं त्याला मारलंस."

मी खाल्लं. प्रत्येक घास नकोसा होता. सासूला कळू नये म्हणून मी पाण्याबरोबर गिळत होते. त्यानंतर रोज तेच. मासळी साफ करायचं काम माझं. पोट चिरताना मी डोळे मिटून घ्यायची, आत काय निघेल या भीतीने. बोटं कापून घेतली, पण बघितलं नाही. जी माणसं मला खायला घालत होती त्यांनाच कुणीतरी खात असेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो काही केल्या जाईना.

सासूची थट्टा सुरुवातीला चालूच होती. दर्याला माझे पोरगे पचायचे नाहीत, बापासारखे कडू आहेत, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पुढे ती थट्टा कमी झाली. मग नुसतंच जेव म्हणायची. तिला झोप नव्हती, मला नव्हती. घर दिवसासुद्धा खायला उठायचं. लोक आमच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे, आणि कालवणाचा वास आला की काही बायका नाक मुरडायच्या. तिला वेड लागलं असं बोलायला लागले होते.

एके दिवशी सकाळी कालवण उतरवून ठेवलं होतं आणि माझा नवरा अंगणात येऊन उभा राहिला. ओठ फुटलेले, अंगावर कुणाचा तरी सदरा. सासूने त्याच्याकडे बघितलं आणि लगेच त्याच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

डोलकाठी मोडली, होडी उलटली, भावाचा हात सुटला, एवढंच तो सांगू शकला. त्याला डहाणूच्या बाजूला किनाऱ्यावर लोकांनी उचललं होतं. मला आनंदाने रडू येत होतं आणि त्या रडण्याची लाजही वाटत होती. सासू रडली नाही.

दुपारी काकू पुन्हा वरणभात घेऊन आली. या वेळी सासूने तो घेतला आणि स्वतःच्या ताटात वाढला. नवरा काहीच न खाता भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझ्या ताटात तिने सकाळचं कालवण वाढलं. मी हात जोडले, मलाही वरणच वाढा म्हटलं.

"तुजा आला," ती म्हणाली. "सवाशीन हायेस तू. तू मासलीच खायाची."

मी मांदेलीचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या ताटातल्या माशाकडे बघत होती.