मास्तरांच्या डोबरमनचं काळीज

नव्वदच्या दशकात मी जालन्यात जनावरांचा डॉक्टर होतो. डोकं तेव्हाही गरमच. जुन्या जालन्यातल्या एका रिटायर मास्तरांचं डोबरमन कुत्रं चालता चालता धाडकन पडायचं. गल्लीतले लोक मिरगी समजून त्याला जोडा हुंगवायचे. जोडा! अरे, काय अक्कल गहाण टाकली होती का? मी छातीला नळी लावली तर ठोके वेडेवाकडे, आत पाण्याची खरखर. हृदयाचा स्नायू सैल पडून फुगला होता. मी पाणी काढायचं इंजेक्शन दिलं, माणसांच्याच हृदयाच्या गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद केलं. कुत्रं उठलं. मास्तर एकटेच होते, त्यांना तेवढीच सोबत.

काही महिन्यांनी भरदुपारी मास्तर धापा टाकत दवाखान्यात आले.

"साहेब, जल्दी चला. मारून टाकून राह्यले त्याला!"

फुप्फुसात पुन्हा पाणी भरलं होतं. तोंडाला गुलाबी फेस, समोर ठेवलेल्या पाण्याकडं बघंना. झालं, गल्लीनं ठरवलं, कुत्रं पिसाळलं. मी पोचलो तेव्हा ते भिंतीला चिकटून उभं होतं, पाठ फुटलेली, भोवती काठ्या. मी मधी घुसलो. एक काठी माझ्या मनगटावर बसली. मी समोरच्या कापडवाल्याच्या कानाखाली जाळ काढला.

"छातीचं दुखणं आहे रे त्याला! औषध चालू आहे माझं!"

"तुमचं औषध ठेवा तुमच्यापाशी. इथं आमची लेकरं खेळून राह्यलीत, डॉक्टर!" कापडवाला गाल चोळत म्हणाला.

मी ऐकलं न्हाई. खाली बसून कुत्र्याचा पाय धरला, शीर सापडली, सुई आत गेली. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या कपाळात काठी घातली. हाड फुटल्याचा आवाज आला. सुई शिरेतच मोडली, कुत्रं जागीच गेलं.

"चला, बला टळली," कापडवाला म्हणाला.

माझं टाळकंच फिरलं. पिशवीतलं पातं काढलं आणि तिथंच, रस्त्यावर, कुत्र्याची छाती फाडली. गरम काळीज बाहेर काढून मी कापडवाल्याच्या तोंडासमोर धरलं. माझ्या कोपरापर्यंत रक्त.

"बघ! किती फुगलंय, बघ! याला पिसाळणं म्हणतो का तू?"

कापडवाला भडभडून ओकला. बाकीचे मागं सरकले. मला त्यांच्यावर अजून ओरडायचं होतं.

मास्तर आपल्या घराच्या ओट्यावरून उठले. अंगातला सदरा काढून त्यांनी कुत्र्याच्या फाटलेल्या छातीवर धरला.

"साहेब, त्यांना दाखवून झालं असंल तर ते आत ठेवा. माझ्याच्यानं बघवंना."