गेम आमचा, सूचना घरच्यांच्या

सध्या कुठला गेम खेळतेस, त्यात काय आवडलं, काय नाही, एवढंच बोलायला आम्ही चौघं दर रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर बसतो. दोन वर्षं झाली. गेमबद्दल सलग पाच मिनिटं बोलणं अजून एकदाही झालेलं नाही. आमच्यातल्या तिघांना स्वतःची खोली नाही, आणि चौथ्याच्या खोलीला कडी नाही. मागून कुणीतरी वडीलधारं डोकावतं, "काय चाललंय?" म्हणतं, आणि पुढचा तास त्यांचा. गेमवरची मतं राहतात बाजूला, किस्से साठत जातात.

चौघं म्हणजे कराडच्या कॉलेजात एकत्र कॉम्प्युटर शिकलेले. जतची सुवर्णा, लोणंदची रिहाना, पाटणचा अनिकेत आणि मी प्राजक्ता, वाळव्याकडची. डिग्री घेऊन सगळे आपापल्या घरी बसलेलो. "पोरगं सध्या काय करतंय?" या प्रश्नाला आमच्या घरच्यांकडं उत्तर नाही आणि हा आमचा सर्वांत मोठा गुन्हा आहे.

गेल्या महिन्यात मला मात्र एक उत्तर मिळायची वेळ आली. पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं, आमचा नवा गेम आठ दिवस खेळा, त्यातल्या चुका लिहून पाठवा, काम पटलं तर एक तारखेपासून रुजू व्हा. टेस्टरची नोकरी. मी उड्या मारत घरात सांगितलं. पप्पा फौजेत आहेत, ते फोनवर म्हणाले, "तात्यांना विचार." आमच्या घरातले सगळे निकाल तात्या देतात. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. ऊस, कबड्डी आणि दुसऱ्यांची आयुष्यं या तीन विषयांतले जाणकार.

तात्या म्हणाले, "खेळायची नोकरी? मग आपल्या म्हशीला बी बघ एखादी, रवंथ करायची."

घर हसलं. मी हसले नाही. निकाल अजून लागला नव्हता, पण कुठल्या बाजूला लागणार ते दिसत होतं.

*

त्या रविवारी कॉलवर सुवर्णाची पाळी होती. ती एक जगून दाखवायचा गेम खेळत होती. निर्जन बेट, हातात काही नाही, खायचं-प्यायचं आपलं आपण शोधायचं. पाठीवरच्या पिशवीत मोजक्याच वस्तू मावतात, त्यामुळं काय घ्यायचं आणि काय टाकायचं हीच खरी परीक्षा.

"मेले मी," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी."

"वाघानं खाल्लं?"

"न्हाई. उपाशी."

आम्ही तिला पिशवी दाखवायला सांगितली. पिशवीत पाण्याच्या चाळीस बाटल्या. भाकरी नाही, फळ नाही, कुऱ्हाड नाही. आणि पाठीमागं, स्क्रीनवर अर्धी जागा व्यापून, स्वच्छ नदी वाहत होती.

"अगं, शेजारी नदी आहे," अनिकेत म्हणाला.

"नदीचं मला सांगू नको. आज हाय, उद्या न्हाई."

दुष्काळी जतमध्ये वाढलेल्या मुलीला वाहतं पाणी दाखवून खात्री पटवता येत नाही. तेवढ्यात मागं ज्वारी पाखडणारी तिची आई थांबली. लेक मेल्याचं तिनं शांतपणे ऐकून घेतलं होतं. तिनं एकच विचारलं.

"त्या चाळीस बाटल्या आता कुणाला गेल्या?"

*

रिहानाच्या अब्बांचं लोणंदला शिवणकामाचं दुकान आहे. घरापेक्षा दुकानात रेंज चांगली, म्हणून ती काउंटरमागं बसून खेळते. तिच्या गेमचा नायक लांब काळा कोट घालून राक्षसांशी लढतो. एका राक्षसापाशी ती तीन आठवडे अडकली होती. आम्ही कॉलवर डावपेच सांगत होतो : डावीकडं पळ, आधी ढाल घे, पायावर वार कर.

अब्बा काज करता करता चष्म्यावरून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"ये कोट किसने सिया?"

"अब्बा, गेम है."

"गेम असू दे. काखेत खेचतोय बघ. मुंढा वर घेतलाय, खांदा उतरलाय. ह्या कोटात माणूस हात वर करंल कसा? आन् तू त्याला तलवार मारायला सांगतीस."

आम्ही हसलो. रिहानानं वैतागून, फक्त अब्बांना गप्प करायला म्हणून, नायकाचा कोट काढला आणि त्याला बिनबाह्यांचं जाकीट घातलं. दुसऱ्या फटक्यात राक्षस आडवा. जाकीट हलकं होतं, त्यानं वेग वाढतो, हे गेमच्या माहितीत पहिल्या पानावर लिहिलेलं निघालं. आम्ही चार पदवीधरांनी ते पान वाचलंच नव्हतं.

अब्बा एवढंच म्हणाले, "राक्षसाचा अंगरखा मात्र कुणीतरी मापानं शिवलाय."

*

अनिकेतच्या घरी त्याचे मामा राहतात, निवृत्त सुभेदार. आम्ही चौघं एकत्र खेळतो तो बंदुकीचा गेम. मोठं मैदान, खूप टोळ्या, शेवटी जी उरेल ती जिंकली. मामांनी आमचे तीन पराभव मागं उभं राहून पाहिले आणि चौथ्या वेळी भाच्याच्या हातातून फोन घेतला.

"आता माझ्या हुकमाशिवाय कुणी गोळी चालवायची न्हाई."

मामांनी आम्हाला एका पडक्या घरात नेलं. सुवर्णाला जिन्यावर पहाऱ्याला उभं केलं, रिहानाला मागच्या दाराशी, मला खिडकीत. आणि मग काहीच नाही. पंधरा मिनिटं आम्ही त्या घरात भिंतीकडं बघत उभ्या. मी म्हणाले, "मामा, समोरनं एकजण चाललाय, मारू?"

"त्यानं तुझं काय वाकडं केलंय?"

बाहेर सगळ्या टोळ्या एकमेकींना संपवत होत्या. बघता बघता मैदानात दोनच उरल्या. एक कुठली तरी, आणि एक आमची. आम्ही आयुष्यात इतके पुढं कधी गेलो नव्हतो. सुवर्णा कुजबुजत होती, जणू फोनमधला शत्रू ऐकेल. आणि तेवढ्यात पाटणच्या घरातून मामींचा आवाज आला, "आवं, चहा झालाय."

मामांनी फोन खाली ठेवला आणि ते चहाला गेले. त्यांच्या हुकमाशिवाय गोळी चालवायची नव्हती. समोरचे आले आणि आम्हाला एकेक करून मारून गेले.

चहा पिऊन आल्यावर मामांनी स्क्रीन बघितली. जराही वाईट वाटून घेतलं नाही.

"पण एकबी गोळी वाया गेली का आपली?"

*

इकडं तात्यांनी माझ्या नोकरीला दोन पर्याय काढले होते. एक, कसल्याशा सरकारी भरतीचा फॉर्म, जो त्यांनी मला विचारण्याआधीच भरून टाकला होता. दोन, एक स्थळ. मुलगा इंजिनिअर, घरची शेती, ओळखीतले लोक.

मुलाकडचे रविवारीच आले, त्यामुळं माझा कॉल बुडाला. पोहे झाले. थोरल्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं आणि ते स्वतः दोन हातांच्या अंतरावर बसून राहिले, याला आमच्याकडं एकांत म्हणतात.

"छंद काय?" मुलानं विचारलं.

मी सरळ सांगितलं, गेम खेळते. मुलाचा चेहरा उजळला. तोही तोच बंदुकीचा गेम खेळत होता. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मला तो बरा वाटला. मग मी विचारलं, "सोबतचा जखमी झाला तर तू काय करतोस?"

"मी? मी पुढं जातो. त्याला उचलायला थांबलं की आपणपण जातो ना."

"आणि त्याचं सामान?"

"ते घेतो. त्याला काय उपयोग आता?"

मी काही बोलणार तेवढ्यात शेजारून तात्यांचा आवाज आला. तात्यांनी वीस वर्षं गावच्या कबड्डी संघात काढली आहेत.

"म्हंजे गडी पडला की सोडून जातोस?"

"काका, गेममध्ये."

"खेळातच विचारतोय मी."

मुलानं आईकडं बघितलं. तात्या वाकून पुढं झाले आणि मुलाच्या वडिलांना अतिशय प्रेमानं म्हणाले, "चहा घ्या. गार होतोय."

स्थळाचा विषय आमच्या घरात त्यानंतर कुणी काढला नाही. मला वाटलं, आता नोकरीचं तरी ऐकतील. दुसऱ्या दिवशी तात्यांनी भरतीच्या परीक्षेचं हॉल तिकीट माझ्या हातात ठेवलं.

*

कंपनीनं पाठवलेला गेम शेतीचा होता. गाव, विहीर, बैलगाडी, ऊस. मी सहा दिवस मान मोडून खेळले. एक प्लॉट कापला, दुसरा लावला, चुकांची यादी करत गेले. तात्या येता-जाता तिरक्या नजरेनं बघायचे आणि बघत नसल्यासारखं खाकरायचे.

सातव्या दिवशी मला इस्लामपूरला जावं लागलं, तात्यांनीच भरलेल्या त्या परीक्षेला. लॅपटॉप चालू ठेवणं भाग होतं, कारण प्लॉट पिकत आला होता. निघताना मी म्हणाले, "तात्या, बंद तेवढं करू नका. ऊस तयार झाला की वर बाण चमकंल. बाणावर माउस नेऊन दाबा, कापणी होते."

संध्याकाळी आले तर तात्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसलेले. स्क्रीनवर बाण लाल होऊन चमकत होता आणि खाली उभा ऊस वाळून चिपाड झाला होता.

"तात्या, कापला का नाही?"

"तोड कुठं आलीया अजून?"

"काय?"

"कारखान्याची तोड. तोडणीची टोळी न्हाई, गाडी न्हाई, तोडीची चिठ्ठी घेऊन चिटबॉय फिरकला न्हाई. कापून घालू कुठं? तुज्या डोक्यावर?"

"तात्या, इथं तोड येत नसते. आपण कापायचा, हवा तेव्हा विकायचा."

तात्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "हवा तेव्हा. शिकलेली तू."

तेवढ्यात स्क्रीनवर अक्षरं आली : पीक वाया गेलं. गाव सोडावं लागेल. खेळ संपला. सहा दिवसांत उभं केलेलं गाव गेलं; चुकांची यादी होती, पण अर्धीच. पुन्हा सुरुवात करायची तर हातात एकच दिवस होता. मग मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते की तुमच्या पिढीला थांबण्याशिवाय काही येत नाही, आणि आम्हालाही थांबवूनच माराल, असं मी तात्यांना तोंडावर म्हणाले. काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. तात्या उठले आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लॅपटॉपवर फुलस्केप कागद ठेवलेला होता. तात्यांचं अक्षर.

"प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, गेम विभाग, पुणे. विषय : आपल्या खेळातील शेतीबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, मी आपला खेळ समक्ष पाहिला आहे.

१) विहिरीतून कितीही पाणी उपसले तरी पाणी उतरत नाही. अशी विहीर खरोखर असल्यास कळवावे, येऊन बघू.

२) भरलेली बैलगाडी जागच्या जागी वळते. बैलांचा विचार व्हावा.

३) पहिल्या प्लॉटचा तोडलेला ऊस चार दिवस फडात पडून आहे, तरी वजन तेवढेच. असे जगात कुठेही होत नाही.

४) शेजारी बांधावरून एकदाही भांडलेला नाही. तो आजारी आहे काय?

५) तोडणी टोळीची सोय नाही, त्यामुळे माझा ऊस वाळला. मुलीची त्यात चूक नाही.

तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. प्रत माहितीसाठी : तलाठी."

पहिला आणि तिसरा मुद्दा मी सहा दिवसांत पकडला नव्हता. मी माझी यादी पाठवली आणि तिच्याखाली तात्यांच्या कागदाचा फोटो जसाच्या तसा जोडला.

*

चार दिवसांनी उत्तर आलं. त्या दुपारी सगळं घर पुढच्या सोप्यात बसलं होतं. मी पाठ केलेलं भाषण घेऊन उभी राहिले. सुवर्णा, रिहाना आणि अनिकेतनं मला ते कॉलवर दोनदा म्हणायला लावलं होतं. माझ्या हक्कांपासून सुरुवात होती, पण आधी बातमी सांगितली.

"तात्या, कंपनीचं उत्तर आलंय. माझं काम पटलंय त्यांना. एक तारखेला हजर व्हा म्हणालेत."

"तुजं ऱ्हाऊ दे. माज्या अर्जाचं काय म्हणाले?"

"मुद्दे महत्त्वाचे आहेत, तपासून पाहू म्हणालेत."

तात्यांनी पेपरची घडी घातली. "कवा?"

"ते नाही लिहिलं."

"आवक नंबर दिलाय?"

"तात्या, मेलला आवक नंबर नसतो."

"सही कुणाची?"

"टीम, असं लिहिलंय."

"म्हंजे कुणाचीच न्हाई." तात्या माझ्याकडं बघून पहिल्यांदाच बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "दाबला अर्ज." मग उठून त्यांनी काकूंना हाक मारली. "पोरीची बॅग भराय घ्या."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "आवं, पण तुमीच म्हणत हुता न्हवं, असली खेळायची नोकरी आपल्या घरात नको."

"नोकरीचं कोण बोलतंय?" तात्या म्हणाले. "आत आपला माणूस पायजे."