एका बाजूला बसणाऱ्यांची गाडी

सबनीसकाकांवर लिहिण्याचा अधिकार माझा नाही, हे आधीच कबूल करतो. मी त्यांचा नातेवाईक नाही, आणि अजून पुरता इंजिनिअरही नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं... पण गेल्या महिन्यात ते गेले, आणि इथे आखातात, अबू हलीफातल्या आमच्या इमारतीत मोटरसायकलीबद्दल बोलायला कुणी उरलं नाही.

ते वरच्या मजल्यावर, नर्स असलेल्या मुलीकडे राहत. माझे अब्बा रत्नागिरीकडचे, इथे गॅरेजात मेकॅनिक. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. ड्रॉइंगमध्ये नापास झालो तेव्हा अब्बांनीच मला वर पाठवलं. काकांनी माझ्या मोटरसायकलच्या आराखड्याचा कागद निरखला. "रेघा सुंदर आहेत, कॉलेजवाले. पण यावर बसणार कोण?"

हाच प्रश्न त्यांनी तरुणपणी पुण्यात, मोटरसायकलींच्या कारखान्यात आराखडे काढताना, तिथल्या साहेबांना विचारला होता. देशी मोटरसायकलींचे ते सुरुवातीचे दिवस. चाचणीला मागच्या सीटवर मधोमध वाळूची पोती ठेवत. काका म्हणाले, आपल्या बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, मांडीवर मूल, हातात पिशवी. सगळा भार डावीकडे. साहेब हसले. मग रविवारी काकांनी नमुन्याच्या गाडीवर काकूंनाच बसवलं. मंडईतून येताना फूटरेस्ट तुटलं आणि काकू रस्त्यावर. उठून पदर झटकत म्हणाल्या, "मी पुन्हा बसेन. आधी ते लोखंड जाड करा."

जाड केलं. गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसीही, डावीकडून भक्कम केली. साहेब वजनावरून कुरकुरले, पण गाडी तशीच बाजारात आली, खपली. पुढे कारखाना बंद पडला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात काकांना एकच ध्यास होता... आपली एखादी तरी गाडी अजून धावते का?

मी गावाकडे सगळ्यांना त्या गाडीचे फोटो पाठवले. कुणी कळवलं, भंगारात गेली. कुणी म्हणालं, इंजिन विहिरीवर पंपाला बसवलंय. "ते धरू नकोस," काका म्हणत. "रस्त्यावरची सांग."

ते हॉस्पिटलात असताना दापोलीकडून माझ्या मामूंचा व्हिडिओ आला. बंदरावरून चढ चढणारी तीच गाडी, चालवणारा एक म्हातारा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली म्हातारी, मांडीवर माशांची टोपली. मामू विचारत होते, "चाचा, चेसीला वेल्डिंग कितीदा केलं?"

"एकदाही नाय. टायर बदलले. बायको तीच हाय."

काकांनी तो तीनदा पाहिला. मग मला म्हणाले, "टोपलीचं वजन विचार."

दुपारी मामूंचं उत्तर आलं. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "तीस किलो, काका. रोज."

ते डोळे मिटून हसले. "आराखड्यात मी पंधराच धरले होते रे."