काळी चारची बासरी

आमचे भाऊजी चष्मे करतात. डोळे तपासण्यापासून काच घासून गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवेपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. मी त्यांची मेहुणी. राहते त्यांच्या वरच्या मजल्यावर आणि दिवसभर बसते त्यांच्या दुकानात, फ्रेमा दाखवायला. तेव्हा मी जे सांगते ते ऐकीव नाही, भोगलेलं आहे.

माणूस सज्जन, पण नंबराच्या बाबतीत महाहट्टी. कुणी जुना चष्मा पुढे करून 'याच नंबरचा दुसरा द्या' म्हणालं की यांचा पारा चढलाच. डोळे काय तेव्हाचेच राहिलेत का, असं विचारून त्याला खुर्चीत बसवणार आणि काचा बदलून बदलून, ही बरी की आधीची, ही बरी की आधीची, करत त्याला जेरीस आणणार. गिऱ्हाईक घाईत असलं तर सरळ समोरच्या दुकानाचा रस्ता दाखवतात. समोरच्याचं दुकान आमच्यामुळेच चालतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा माणसाने उतारवयात बासरीचं वेड घेतलं, ते माझ्या ताईपायी. ताई शाळेत गाणं शिकवायची. घरातही भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना तिचं गाणं चालूच असायचं. मग गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली आणि आमचा जीव भांड्यात पडला. फक्त आवाज बसला तो पहिल्यासारखा उठला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की गात राहा, नाहीतर आहे तो गळाही आखडेल. ताईने काय केलं, तर शाळा सोडली आणि गाण्याला कुलूप लावलं. बोलायची, भांडायची, माझी फिरकी घ्यायची, सगळं करायची. गाण्याचं नाव काढलं की उठून जायची. भाऊजींना रात्रंदिवस एकच घोर लागला, की ही अशीच गप्प राहिली तर गळा कायमचा जाईल.

समजावून झालं, रागावून झालं. मग त्यांनी ठरवलं की आपण साथ करायची, म्हणजे हिला राहवणार नाही. इथवर मला त्यांचं कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू.

वाद्यांच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, कुठल्या पट्टीची हवी? साध्या बासरीला चाव्या नसतात. बांबूला भोकं पाडली की तिची पट्टी ठरली ती ठरली, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे बासरी बदलायची. हे ऐकून भाऊजींचा चेहरा असा काही उजळला! म्हणजे इथेही नंबर होता.

घरी येऊन त्यांनी कपाटातून शाळेच्या कार्यक्रमाची जुनी टेप शोधून काढली. ताईचं त्यात एक गाणं होतं. ती टेप घेऊन शाळेत गेले, तिथल्या पियानोवर एकेक सूर दाबून ताडून पाहिला आणि काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, असा निकाल घेऊन आले. दुसऱ्या दिवशी काळी चारची बासरी घरात.

फुंक लागायलाच बरेच महिने गेले. त्या काळात शेजाऱ्यांनी आमच्याशी बोलणं कमी केलं, ते एक बरंच झालं. पुढे मात्र हात बसला. रोज दुकान बंद केलं की भाऊजी बैठकीत बसून त्याच गाण्याची पहिली ओळ वाजवायचे आणि कान स्वयंपाकघराकडे लावायचे. आतून ताईने भांडं आपटलं की म्हणायचे, बासरी केसभर चढी आहे. लगेच दुसरी काळी चार आणायचे. ताईने दार लावून घेतलं की ही उतरी आहे म्हणून तिसरी. भोकं भिंगाखाली धरून कानशीने घासायचे. कपाटातला एक कप्पा बासऱ्यांनी भरला. मी म्हटलं, भाऊजी, दोष बांबूचा नसेल. तर मला म्हणाले, तुला सुरातलं काय कळतं? खरंच आहे, मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. भांडं आपटलेलं तेवढं कळतं.

मग त्यांनी कळसच केला. ताईच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना चहाला बोलावलं. ताईला पत्ता लागू दिला नाही. चहा, गप्पा झाल्या, आणि भाऊजींनी उशीमागून बासरी काढून ती ओळ वाजवली. चांगली वाजवली हो. वाजवून थांबले आणि ताईकडे बघत राहिले. मैत्रिणीही बघत राहिल्या. एकजण म्हणाली, घे ना गं, किती दिवसांनी.

चारचौघांत नाही म्हणणं ताईच्या स्वभावात नाही. तिने सूर लावला. पहिले दोन शब्द कसेबसे निघाले, तिसरा वर चढता चढता फाटला. ताई हसली, कप गोळा करून आत गेली. मैत्रिणींनी चहाची इतकी स्तुती केली की मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

त्या गेल्यावर ताई बाहेर येऊन भाऊजींसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"जुन्या नंबरावर चष्मा मागणाऱ्याला तुम्ही दुकानातून हाकलता," ती म्हणाली. "आणि माझा जुना आवाज रोज संध्याकाळी माझ्यासमोर वाजवता. किती गेलाय, ते रोज मोजून दाखवता."

मला वाटलं, आता काहीतरी बाजू मांडतील. पण ते एकदम म्हातारे दिसायला लागले. हातातली बासरी खाली ठेवून म्हणाले, "मी तुला विचारायला हवं होतं."

"मग विचारा."

"सूर आता कुठे लागतो?"

"पांढरी दोन," ताई म्हणाली. तिला पियानो लागला नाही, टेप लागली नाही. ऑपरेशननंतर घरी आली त्याच आठवड्यात तिने स्वतःशी गुणगुणून पाहिलं होतं म्हणे, अंघोळीच्या वेळी, नळ सोडून. मी तिची सख्खी बहीण, रोज खालीच जेवणारी, मलासुद्धा विचारायचं सुचलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

पांढरी दोनची बासरी आली आणि नवाच घोळ झाला. पट्टी जितकी खालची तितकी बासरी लांब आणि भोकं दूर दूर. ही तर चांगली हातभर. भाऊजींची बोटं आखूड, चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवण्यापुरती. वरच्या हाताची भोकं कशीबशी झाकायची, खालच्या हाताचं बोट पोचेचना. मधूनच फुस्स. दुकानदार म्हणाला, साहेब, वरच्या पट्टीची घ्या, सोपी जाईल. भाऊजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत निघून गेला.

आता काय चालतं ते सांगते. भाऊजी वरच्या तीन भोकांवरच वाजवतात. त्यात सा, रे, ग निघतात, आणि एक बोट अर्धवट उचललं की म. बस, एवढंच. त्या चार सुरांत गाणं बसत नाही, ते दर ओळीत मध्येच अडतात आणि बासरी ओठाला धरून थांबून राहतात.

पुढचे सूर ताई लावते. जाडसर आवाज आहे, कधी कधी खरखरतो. मी जिन्यात बसून ऐकते, कारण आत गेले तर मला रडू येतं आणि ती गाणं थांबवते.