तीन कंपन्यांचा श्वास

शेवटचा भेटला तेव्हा हेमंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायकोसाठी पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर जुळवत बसला होता. रविवारची सकाळ होती. नाहूरच्या त्यांच्या घरात शुभदा ओट्याशी कोलंबी साफ करत होती, आणि मी नेहमीप्रमाणे चहा पीत त्याच्या कामात चुका काढत होते. दर थोड्या वेळाने तो शुभदाला हाक मारायचा, ‘जरा तोंडात धरून बघ.’ ती कोलंबीचे हात तसेच मागे धरून वाकायची, तो रबरी तुकडा दातांत पकडायची आणि मान हलवायची. जड आहे. तो पुन्हा डब्यात हात घालायचा. शेवटी एक लहानसा, हलका तुकडा तिला पटला. टाकीवर बसणारा भाग मात्र दुसऱ्याच कंपनीचा होता. ‘कर बाबा भेळ,’ मी म्हणाले. तो हसला आणि मला जेवून जा म्हणाला. मी थांबले नाही, मुलुंडला एक काम होतं. त्यानंतरच्या आठवड्यात शुभदाचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याकडे मेथी निवडत उभी होते. ‘हेमंत उठत नाहीये गं,’ एवढंच ती म्हणाली. झोपेतच गेला होता...

हेमंत आणि मी विक्रोळीच्या एकाच कारखान्यात नोकरीला लागलो, आणि तिथूनच निवृत्त झालो. तो देखभाल विभागात, मी तपासणीत. म्हणजे तो बंद पडलेलं यंत्र हाताला लागेल त्या वस्तूने चालू करायचा आणि मी ते नियमात बसत नाही म्हणून पुन्हा बंद करायचे. आमची मैत्री भांडणातूनच झाली. तो मूळचा मालवणकडचा. सुट्टीत गावी गेला की समुद्रात बुड्या मारायचा, आणि टाकी पाठीला लावून खोल जाण्याचं रीतसर शिक्षण घेतल्यावर तर तो त्याशिवाय दुसरं बोलेनासा झाला. मलाही त्यानेच ओढलं. पन्नाशी जवळ आलेली, चष्मा लावणारी बाई मी, पण एकदा खाली गेले आणि परत परत जात राहिले.

ज्यांनी ही भानगड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. टाकीतली हवा इतक्या दाबाची असते की ती थेट छातीत घेता येत नाही. रेग्युलेटरचा एक भाग टाकीवर बसतो, तो हा दाब बराच खाली आणतो. तिथून नळीने हवा तोंडातल्या भागात, म्हणजे त्या तुकड्यात, येते आणि तो आपल्याला श्वासापुरती हवा देतो. बहुतेक लोक हा सगळा संच एकाच कंपनीचा घेतात. मीही घेतला होता, आणि त्याची पावती, पुस्तिका, सगळं जपून ठेवलं होतं. हेमंतच्या संचात मात्र तीन कंपन्या सुखाने नांदत होत्या. प्रत्येक कंपनीचा नळीतल्या दाबाचा हिशेब थोडा वेगळा. तो जास्त झाला तर तोंडातला भाग आपोआप फुसफुसायला लागतो, कमी झाला तर श्वास ओढून घ्यावा लागतो. हेमंत दाबमापक लावून, कानाशी धरून, पुन्हा पुन्हा फिरवून ते जमवायचा. मी नाक मुरडलं की मुद्दाम मालवणीत सुरू व्हायचा, ‘पाण्याक कंपनी कळना नाय गो. पाणी फक्त खंय गळता ता बघता.’ एकदा पाण्याखाली माझ्याच एका कंपनीच्या, एककुली संचातून हवा भसाभस सुटायला लागली. त्याने शांतपणे आपल्या टाकीला जोडलेला जादा तुकडा माझ्या तोंडात दिला आणि मला वर आणलं. होडीत बसल्यावर तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही, हे मला चिडवण्यापेक्षा जास्त झोंबलं.

या सगळ्या वर्षांत शुभदा किनाऱ्यावर टॉवेल आणि थर्मास घेऊन बसायची. तिला पाण्याची भीती नव्हती, तोंडात काही कोंबून घ्यायची होती. दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा तिचा जीव घाबरा व्हायचा. नोकरी संपल्यावर मात्र तिनेच मनावर घेतलं. डॉक्टरांचा दाखला घेतला, पोहण्याच्या तलावात शिकली, समुद्र तेवढा बाकी राहिला होता. मोसम संपायच्या आत तिला खाली न्यायचं म्हणून हेमंत तो हलका तुकडा शोधत होता.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी तिने मला बोलावलं. टेबलावर तो संच तसाच होता. तिला समुद्रात जायचं होतं, आणि याच संचाने. नातेवाइकांना हे कळलं तेव्हा गहजब झाला. कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय, कुणी म्हणे निदान वर्ष तरी होऊ दे. माझ्या मनात दुसरीच काळजी होती. मी तो संच अंधेरीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. माणूस भला होता. त्याने तो हातात फिरवून पाहिला आणि परत केला. दोन्ही भागांची माहिती आणि सुटे भाग त्याच्याकडे नव्हते, त्यामुळे जबाबदारी घेणार नाही म्हणाला. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

मग हेमंतच्याच टेबलावर, हेमंतच्याच दाबमापकाने मी तपासायला बसले. शुभदा समोर. काटा चढला, जिथे थांबायला हवा तिथे थांबला असं वाटलं, आणि मग हळूहळू पुढे सरकत राहिला. पुन्हा केलं, तेच. टाकीवरचा भाग आतून नीट बंद होत नव्हता, नळीतला दाब वाढतच राहत होता. तो उघडायचं हेमंतच्या मनात असेल, राहून गेलं असेल... पण मला ते शब्द तोंडातून काढवेनात. आयुष्यभर लोकांचा माल नापास करत आले, आणि आता मेलेल्या मित्राच्या हातचं शेवटचं काम त्याच्या बायकोसमोर कसं नापास करू?

तिने माझा चेहरा वाचला. ‘खराब आहे ना?’

‘हा टाकीवरचा भाग. तुकडा चांगला आहे.’

‘मग बदल ना तो.’

मी म्हणाले, हा त्याने स्वतः लावलाय, शेवटचा. तो काढण्यापेक्षा आपण संच तसाच ठेवू, तू दुसरा वापर. त्यावर शुभदा चांगलीच तापली.

‘त्याने आयुष्यात एक वस्तू तरी होती तशी ठेवली का गं? तू काय त्याची समाधी बांधतेस? मला त्याची आठवण तोंडात धरून बुडायचं नाहीये. तो खाली जाऊन काय बघायचा, ते मला बघायचंय.’

मी उठले. घरी गेले, त्या प्रसंगानंतर दुरुस्त करून जपून ठेवलेल्या माझ्या एककुली संचाचा टाकीवरचा भाग सोडवला आणि परत नाहूरला आले. तिच्या तुकड्याला मानवेल असा दाब जुळवायला मला संध्याकाळ झाली. हेमंतला अर्धा तास लागला असता. मग मुलुंडच्या तलावात तो आधी मी वापरला, नंतर तिच्या शिक्षकाने, आणि मगच तिला दिला.

मालवणचा समुद्र त्या दिवशी स्वच्छ होता. ती शिक्षकाचा हात धरून खाली गेली, मी बाजूला होते. फार खोल नाही. पोवळ्यांवर पिवळे पट्टेवाले मासे होते, ती त्यांच्याकडे बघत जागच्या जागी तरंगत राहिली. वर आल्यावर ती काहीच बोलली नाही. होडीत नाही, परतीच्या प्रवासातही नाही. मला वाटलं, तिला आवडलं नाही की काय.

मुंबईला पोचल्यावर मी तिच्याबरोबर वर तिच्या घरी गेले. खाऱ्या पाण्यातून आलेला संच गोड्या पाण्यात धुवावा लागतो. बाथरूममध्ये बादली भरून ती तो खळबळत होती आणि मी दारात उभी होते. नळाच्या आवाजात ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

‘त्या रात्री मी त्याच्या शेजारीच होते. त्याचा श्वास कधी थांबला, मला कळलं नाही गं. उठून चहा टाकला मी, दोघांचा...’ तिने तोंडातला तुकडा पाण्याबाहेर काढला, अंगठ्याने पुसला. ‘खाली एकेक श्वास ऐकू येतो. केवढा मोठा येतो. मला वाटलं, तो असाच पाण्याखाली झोपला असता, तर श्वास थांबताच मी जागी झाले असते.’

मी आत जाऊन तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले. हेमंत गेल्यापासून मी रडले नव्हते, तेव्हा रडले. थोड्या वेळाने तिनेच नळ बंद केला आणि हेमंत त्याचा संच वाळत घालायचा त्या हुकावर तो टांगला. तोंडातला भाग त्याने शोधलेला, टाकीवरचा माझा. खाली बादलीत थेंब पडत होते. आम्ही दोघी ते ऐकत बसलो.