खैतानच्या अंगणातली बोर

हे लिहिण्याची माझी योग्यता नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहायची खरी वेळ आली तेव्हा मला लिहिता आलं नाही. काही चुकलं तर माफ करा.

आम्ही रत्नागिरीकडचे. अब्बा लाँड्रीची गाडी चालवतात. कुवेतमध्ये, खैतान भागात, एका जुन्या कुवेती घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. अंगणात एक बोर होती, बोरांचं जुनं झाड. अम्मी तांदळाचं धुवण मोरीत ओतायला निघाली की म्हाताऱ्या मालकीणबाई तिचा हात धरून झाडाकडे न्यायच्या. एकदा त्यांनी सांगितलं, बोर थोरल्या मुलाने लावलेली. युद्धात इराकी सैनिक त्याला घेऊन गेले, तो परत आला नाही. घर पेटवलं तेव्हा बोरही बुंध्यापर्यंत जळाली. बाईंनी भांड्यांचं पाणी घालघालून ती जगवली. धाकट्या मुलासमोर मात्र बाई थोरल्याचा विषय कधी काढत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. दूर समुद्राकाठी, खैरानला राहणाऱ्या धाकट्याने घर पाडायचं ठरवलं आणि आम्हाला महिन्याची मुदत दिली.

अब्बा म्हणाले, "त्याला लिही. एवढं झाड ठेव म्हणावं."

"आपण भाडेकरू, अब्बा. आपण कसं सांगायचं?"

"मग कॉलेजात काय नुसता चहा प्यायला जातोस?"

अम्मी हसली. अब्बा हसले नाहीत.

इंग्रजीत लिहायचं होतं. पहिली ओळच मी कितीदा बदलली. त्याच्या भावाबद्दल त्यालाच सांगणारे आपण कोण, असं वाटायचं. व्याकरण चुकण्याची लाज वेगळीच. अब्बा रोज विचारायचे, "धाडलंस?" मी म्हणायचो, "आज धाडतो." असं करता करता आम्ही सामान हलवून दुसरीकडे एका खोलीत आलो. त्यानंतर आठवड्याने मी ते पत्र फोनवरून पाठवलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मी ते अब्बांना मराठीत वाचून दाखवलं. त्याने लिहिलं होतं, भावाचं झाड आगीत गेलं असंच मी आजवर समजत होतो. हे आईने नंतर कधीतरी लावलं असेल, असं वाटायचं. तुमचं पत्र वाचून लगेच खैतानला गेलो. घर पाडणाऱ्या मशीनवाल्यांनी पत्र येण्याआधीच, रविवारी, ते मुळासकट काढून नेलं होतं.